सेवा, दास्य आणि निवेदन : गोदा-मांजरा परिसरातील साहित्याच्या संदर्भात

१

मराठी समीक्षेत ‘सेवा’ हा शब्द सहसा दोन टोकांना आढळतो. एका टोकाला तो नवविधा भक्तीतील पादसेवन आणि दास्य यांच्याशी जोडलेला असतो आणि संतसाहित्याच्या गौरवपर विवेचनात भक्ताच्या नम्रतेची खूण म्हणून येतो. दुसऱ्या टोकाला, विशेषतः दलित व स्त्रीवादी समीक्षेत, तो शोषणाचे सौम्य नाव ठरतो. ज्यांच्या वाट्याला झाडलोट, दळणकांडण आणि वेठ आली त्यांच्या श्रमांना सेवा म्हणायचे आणि त्या श्रमांचा मोबदला पुण्यात द्यायचा, ही व्यवस्थेची युक्ती या समीक्षेने उघड केली. दोन्ही भूमिकांना आपापली कारणे आहेत. मात्र एका बाबतीत त्या एकमेकींच्या जवळ येतात. प्रत्यक्ष कृतीजवळ त्या फारशा थांबत नाहीत. केर कोणी भरला, पाणी कोणी आणले, हे कोणी पाहिले आणि कोणाच्या शब्दांत सांगितले, हे प्रश्न पहिल्या भूमिकेला गौण वाटतात आणि दुसऱ्या भूमिकेला त्यांची उत्तरे आधीच ठाऊक असतात.

साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न मात्र हेच आहेत. दुसऱ्यासाठी केलेली लहानशी, कोणाच्या नजरेत न भरणारी कृती साहित्यकृतीत कशी येते, ती आल्यावर तिचे काय होते, आणि तिला सेवा म्हणावे की दास्य हे संहितेच्या आधारे ठरवता येते काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यासाठी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा आणि त्यांना लागून असलेल्या गोदाकाठाचा परिसर निवडला आहे. या निवडीमागे प्रादेशिक अभिमान नाही. जनाबाईचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेले गंगाखेड नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीवर आहे. ज्या ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत, त्या ग्रंथाला गुरुपद मिळाले ते नांदेडमध्ये, १७०८ साली. रा. रं. बोराडे यांचे काटगाव आणि लक्ष्मण गायकवाड यांचे धनेगाव लातूर जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामी राजवटीत होता, त्यामुळे वेठ आणि सेवा यांतील अंतर येथील माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. सेवेच्या प्रश्नाची दोन्ही टोके येथे एकाच भूमीत भेटतात.

२

प्रश्नाचे तात्त्विक स्वरूप आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देणगीविषयक निबंधात असे दाखवले की, पारंपरिक समाजांत कोणतीही देणगी निखळ नसते. देणे, स्वीकारणे आणि परत करणे या तीन बंधनांनी ती जखडलेली असते. जाक देरिदा याने १९९१ च्या आपल्या ग्रंथात हा विचार टोकाला नेला. देणगी ही देणगी म्हणून ओळखली गेली की ती देवघेव होते, घेणाऱ्याच्या माथी ऋण चढते आणि देणाऱ्याच्या पदरी समाधान पडते. म्हणून खरी देणगी घेणाऱ्यालाच नव्हे तर देणाऱ्यालाही कळता कामा नये, अशा अशक्यप्राय अटीपाशी तो येऊन थांबतो.

भारतीय परंपरेला ही अडचण अपरिचित नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, ज्याच्याकडून परतफेडीची शक्यता नाही अशाला दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. आपल्याकडील ‘गुप्तदान’ हा शब्दही याच जाणिवेतून आलेला आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्व व अदंभित्व यांचे विवरण करताना ज्ञानदेवांनी आपले सुकृत झाकून ठेवण्याच्या वृत्तीचा सविस्तर विचार केला आहे. त्याच अध्यायात आचार्योपासनेचे प्रदीर्घ विवेचन येते. गुरूच्या घरातील प्रत्येक लहान काम आपणच व्हावे, वापरातील प्रत्येक वस्तूही आपणच व्हावे, अशी शिष्याची कल्पना तेथे एकापाठोपाठ एक प्रतिमांतून विस्तारत जाते. एकाच अध्यायात सुकृत लपवण्याचा उपदेश आहे आणि सेवेच्या स्वप्नाचा वाक्‌विलासही आहे. हा विरोध ज्ञानदेवांचा दोष नव्हे, सेवेच्या निवेदनातच तो अंगभूत आहे. अनाम कृती सांगितली की ती अनाम राहत नाही. मग साहित्याने तिच्याविषयी मौन पाळावे काय? मौन पाळले तर ज्यांचे सारे आयुष्य अशा कृतींत गेले त्यांचा इतिहासच पुसला जातो. सांगितले तर कृतीचे मोल बदलते. या पेचातून प्रत्येक संहिता आपापल्या परीने वाट काढते. ती वाट तपासण्यासाठी पुढील विवेचनात तीन कसोट्या वापरल्या आहेत. सेवेची दिशा कोणती, म्हणजे ती वरून खाली जाते, खालून वर जाते की बरोबरीने होते, ही पहिली कसोटी. सेवा करणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक होती काय, ही दुसरी. आणि निवेदनाचा अधिकार कोणाकडे आहे, ही तिसरी.

३

जनाबाईच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात. ते मुख्यतः नामदेवांच्या गाथेबरोबर आपल्यापर्यंत आले. त्यांतील कोणते चौदाव्या शतकातील आणि कोणते पुढील काळात ‘जनी’ या नाममुद्रेखाली जमा झाले, हा पाठचिकित्सेचा स्वतंत्र विषय आहे. येथे ‘जनी’ हे एका काव्यपरंपरेचे नाव म्हणून घेतले आहे. परंपरा असे सांगते की दामा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि त्या घरची दासी म्हणून तिचे आयुष्य गेले. नामयाची दासी ही तिची ओळख ती स्वतःच सांगते.

या अभंगांतील एका गटात विठ्ठल जनीच्या कामाला हातभार लावतो. ती दळते तेव्हा तो जात्याला हात लावतो, ती झाडते तेव्हा तो केर पाटीत भरतो आणि डोक्यावरून नेऊन दूर टाकतो, ती शेणी वेचायला जाते तेव्हा तो मागे उभा असतो. तुळशीच्या बनात ती वेणी उकलते आणि तो तिच्या केसांना लोणी चोळतो. तिला न्हाऊ घालताना त्याचे कारणही सांगितले जाते: तिला कोणी नाही म्हणून. गौरवपर समीक्षेने या अभंगांत भक्तवात्सल्य पाहिले. दुसऱ्या बाजूने असाही आक्षेप घेता येईल की, या कल्पनेने दासीचे ओझे कमी झाले नाही, ओझे वाहण्याचे बळ तेवढे तिला मिळाले, आणि म्हणून व्यवस्था अबाधित राहिली.

संहिता बारकाईने वाचली तर दोन्ही अर्थ अपुरे पडतात. पहिल्या कसोटीनुसार पाहता येथे सेवेची दिशा उलटलेली आहे. दास्यभक्तीच्या चौकटीत भक्त देवाची पूजा करतो, पाय चेपतो. जनीच्या या अभंगांत देवाची पूजा जवळजवळ दिसत नाही, दिसते ते देवाने केलेले घरकाम. ते घरकामही निवडक आहे. केर, शेण, न्हाणे, केस ही सारी शरीराच्या आणि मळाच्या जवळची, म्हणून हलकी मानलेली कामे आहेत. देव जनीला राजवाडा बांधून देत नाही, तिची पाटी उचलतो. दुसऱ्या कसोटीनुसार अंतर अधिकच स्पष्ट होते. जनीला काम नाकारता येत नाही, देवाला येते. एकच केर दोघे भरतात, पण तिच्यासाठी ते दास्य आहे आणि त्याच्यासाठी ती सेवा आहे. हा फरक कवितेत सांगितलेला नाही, तो कामाच्या जोडीतून उभा राहतो. दास्य आणि सेवा यांतील भेद कृतीत नसून करणाऱ्याच्या मोकळिकीत आहे, हे मराठी काव्याने इतक्या लवकर इतक्या घरगुती भाषेत मांडले, याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

तिसरी कसोटी निवेदनाची. देवाने केलेली मदत जगाला दिसत नाही, ती सांगते ती जनीच. म्हणजे घेणारी बोलते आणि देणारा गप्प असतो. उपकाराच्या निवेदनात देणारा बोलला की दंभ येतो आणि त्रयस्थ बोलला की उपदेश येतो. घेणाराच बोलला तर ते निवेदन साक्षीचे रूप धारण करते. जनीच्या अभंगांची विश्वसनीयता चमत्कारावरील श्रद्धेतून येत नाही, साक्ष देणारीच्या आवाजातून येते. त्या आवाजात कृतज्ञता आहे, पण लाचारी नाही. देवाला ती हक्काने बोलावते आणि प्रसंगी त्याच्यावर रागावतेही.

जनाबाईविषयीच्या आख्यायिकांमध्ये पदकाची कथा प्रसिद्ध आहे. रात्री जनीकडे आलेला देव पहाटे घाईने परतताना आपले रत्नजडित पदक विसरतो आणि तिची वाकळ पांघरून जातो. सकाळी पदक जनीच्या घरी सापडते, तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि तिला सुळावर देण्यासाठी नेले जाते. पुढे सुळाचे पाणी होते. कथेचा शेवट चमत्काराचा असला तरी तिची मांडणी सामाजिकदृष्ट्या कमालीची अचूक आहे. वरच्याने खालच्यावर केलेले गुप्त उपकार खालच्यालाच धोक्यात आणू शकतात. मौल्यवान वस्तू दासीच्या घरी सापडली तर ती दिलेली असू शकते, हा विचार गावाच्या मनाला शिवतच नाही, कारण त्याच्या हिशेबात दासीला कोणी काही देत नसते. अनाम राहण्याची चैन देवाला परवडते, जनीला त्याची किंमत प्राणाने द्यावी लागू शकते. न दिसणाऱ्या सेवेचा गौरव करताना ही बाजू विसरता येत नाही.

४

नामदेवांच्या एका पदाचा येथे विचार करणे उपयुक्त ठरेल. हे पद गुरू ग्रंथसाहिबात राग सोरठमध्ये आहे. शेजारीण नामदेवांना विचारते की, तुझे छप्पर कोणी शाकारून दिले? त्या सुताराला मी दुप्पट मजुरी देईन, त्याचा पत्ता सांग. नामदेव उत्तर देतात ते असे की, तो सुतार असा देता येत नाही, तो सगळीकडे भरून आहे, आणि त्याची मजुरी म्हणजे प्रीती. येथे देव पुन्हा श्रमिकाच्या रूपात आहे, पण कवितेचे लक्ष देवापेक्षा शेजारणीच्या प्रश्नावर अधिक आहे. तिच्या प्रश्नात लोभही आहे आणि चांगल्या कामाची कदरही आहे. केलेले काम दिसले म्हणून ती करणाऱ्याला शोधते आणि बाजाराच्या भाषेत त्याचे मोल ठरवू पाहते. नामदेव ती भाषा झिडकारत नाहीत. मजुरी हा शब्द तसाच ठेवून ते त्यातील अर्थ बदलतात. देरिदाने ज्या ठिकाणी अशक्यता पाहिली त्या ठिकाणी नामदेवांनी एक विनोदी संवाद ठेवला आहे. देवघेव संपलेली नाही, चलन बदलले आहे.

मराठी कवीचे हे पद पंजाबी परंपरेने जतन केले आणि त्या परंपरेचे एक प्रमुख तख्त नामदेवांच्या जन्मस्थानाशी जोडलेल्या नर्सीपासून फार दूर नसलेल्या नांदेडात आहे. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांच्या पुढाकाराने तेथील सचखंड गुरुद्वाराची वास्तू उभी राहिली. शीख परंपरेत सेवा हे कल्पनेपुरते राहिलेले नाही, तिला लंगरमध्ये संस्थेचे रूप मिळाले आहे. पोळ्या लाटणे, भांडी घासणे, जोडे सांभाळणे ही कामे कोणीही करतो आणि पंगतीत कोणीही बसतो. त्याच परंपरेत भाई कन्हैया यांची कथा सांगितली जाते. आनंदपूरच्या लढाईत ते स्वपक्षाच्या आणि शत्रुपक्षाच्या जखमींना सारखेच पाणी पाजत होते. तक्रार झाली तेव्हा त्यांनी सर्वांत एकच चेहरा दिसत असल्याचे सांगितले, आणि गुरू गोविंदसिंहांनी त्यांना पाण्याबरोबर मलमही दिले. या कथेत सेवा पकडली जाते ती तक्रारीमुळे. चांगली कृती लपलेली होती म्हणून नव्हे, तर ती गैरसोयीची होती म्हणून तिची नोंद झाली. जनीच्या पदकाची आणि या मशकीची कथा या एका ठिकाणी जवळ येते: दोन्हींत समाज कृपेला आधी गुन्हा म्हणून ओळखतो.

भांडी घासण्याचे काम ज्याला आयुष्यभर नाकारता येत नाही त्याच्या दृष्टीने लंगरची सेवा निराळी दिसते, हेही खरे. परंतु लंगरने एक गोष्ट साधली. हलके मानलेले काम विशिष्ट जातीच्या किंवा स्त्रीच्या वाट्यातून काढून सर्वांच्या वाट्याला दिले. सेवेची दिशा वर-खाली न राहता आडवी झाली. जनीच्या कवितेने कल्पनेत जे केले त्याला येथे नेहमीच्या आचाराचे रूप आले.

५

आधुनिक काळात प्रश्नाचे स्वरूप बदलते. देव कामाला येत नाही. काम करणारी माणसे उरतात आणि त्यांना पाहणारा निवेदक उरतो. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेली रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी या दृष्टीने मोलाची आहे. गावातील गंगाराम शिंपी आणि त्याचे कुटुंब यांची ही कथा. बलुत्यावर आधारलेले गावगाड्यातील संबंध मोडत असताना, गावातील बळकट माणसांपुढे न वाकणाऱ्या एका कारागिराच्या घराची वाताहत तीत येते. ती सांगते गंगारामची बायको, लातूर-उस्मानाबाद भागातील बोलीत. ग्रामीण कादंबरीच्या विवेचनात या बोलीची, निवेदनातील एकसंधपणाची आणि शोकात्म परिणामाची चर्चा पुष्कळ झाली आहे. निवेदनाचा हा अधिकार बायकोकडे दिल्याने काय घडते, याचा विचार सेवेच्या अंगाने करता येतो.

गंगारामची गोष्ट त्याने स्वतः सांगितली असती तर ती स्वाभिमानाची गोष्ट झाली असती. गावाने सांगितली असती तर हट्टाची झाली असती. बायकोच्या तोंडून ती आली म्हणून स्वाभिमान आणि हट्ट यांच्या मागे चाललेले, कोणाच्या खिजगणतीत नसलेले काम दृश्य झाले: नवऱ्याचा संताप पोटात घालणे, मुलाला सांभाळणे, तुटत चाललेली माणसे धरून ठेवण्याचा प्रयत्न करणे, घासातला घास वाचवणे. आपण काही विशेष करीत आहोत असे तिला वाटत नाही, त्यामुळे ती हे सेवा म्हणून सांगत नाही. ती नवऱ्याविषयी बोलते आणि तिचे स्वतःचे करणे ओघात येते. अनाम कृती सांगितली की अनाम राहत नाही, या पेचावर बोराडे यांनी काढलेला तोडगा हा असा आहे. कृती निवेदनाच्या कडेला राहते, केंद्रात दुसरेच कोणी असते, आणि वाचकाला ती स्वतः वेचून घ्यावी लागते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या स्त्रीच्या लहान लहान कृतींनी काहीही टळत नाही. कादंबरीचे शीर्षकच त्या निष्फळतेची साक्ष देते. उपदेशपर कथेत दयेचे फळ मिळते. १९३५ च्या ‘श्यामची आई’तही आईच्या लहान कृतींचे फळ मुलाच्या संस्कारात साठते आणि म्हणून त्या व्यर्थ जात नाहीत. ‘पाचोळा’त असा साठा होत नाही. तरीही वाचकाला त्या कृती निरर्थक वाटत नाहीत. फळावरून कृतीचे मोल ठरवण्याची सवय ही कादंबरी मोडते आणि तिचे नैतिक बळ यातच आहे. मात्र दुसरी कसोटी लावताच प्रश्न उभा राहतो: या स्त्रीला नकार देता आला असता काय? उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. तिची सेवा ही बायकोपणाची अट आहे. कादंबरी ही अट तोडत नाही आणि तिचा गौरवही करीत नाही. पुरुषाच्या स्वाभिमानाचा खर्च कोणाच्या खात्यातून होतो, हे तेवढे ती दाखवते. ‘त्यागमूर्ती’ अशा विशेषणाने या निवेदिकेची बोळवण करणारे वाचन कादंबरीने उघडे केलेले खाते पुन्हा मिटून टाकते.

६

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्या वाट्याला १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यानंतरही कोणते जिणे आले, हे या पुस्तकात आहे. उपासमार, पोलिसांचे छापे, गावाचा संशय आणि जातपंचायतीचा धाक यांनी ते भरलेले आहे. अशा पुस्तकात दयेच्या कृतीचा शोध घेणे अनाठायी वाटण्याची शक्यता आहे. परंतु या पुस्तकाची रचना एका अशाच कृतीवर उभी आहे. विरोध पत्करून वडिलांनी या मुलाला शाळेत घातले. पुढील सारे लेखन त्या एका कृतीमुळे शक्य झाले.

जनीच्या अभंगांप्रमाणे येथेही घेणाराच बोलतो. मात्र दलित आत्मकथनात घेणाऱ्याची साक्ष अधिक गुंतागुंतीची होते. त्याला ज्या कृती आठवतात त्यांपैकी काही हक्क म्हणून मिळायला हव्या होत्या आणि उपकार म्हणून मिळाल्या. शाळेत बसू देणे, काम देणे, माणसासारखे बोलणे या गोष्टींसाठी कृतज्ञ राहावे लागणे हाच अन्याय आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झाडाझडती घेणाऱ्या ग्रंथात हरिजन सेवक संघावर जी टीका केली तिचा गाभाही हाच होता. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या संघाच्या नावातच सेवा होती आणि आंबेडकरांचा आक्षेप असा की दयेचा हा प्रवाह हक्काच्या लढ्याची धार बोथट करतो. सेवा वरून खाली येते तेव्हा ती खालच्याला खालीच ठेवण्याचे साधन होऊ शकते. ‘उचल्या’ वाचताना ही टीका सतत जवळ ठेवावी लागते.

तथापि या पुस्तकातून आणखी एक गोष्ट हाती येते. ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नाही त्यांनी एकमेकांना जे दिले ते हक्काच्या भाषेत बसत नाही आणि दयेच्याही भाषेत बसत नाही. उपाशी घरातील वाटलेला घास, मार खाऊन आलेल्याची केलेली शुश्रूषा यांची दिशा आडवी असते. देणारा वरच्या पायरीवर नसतो. दया या शब्दात अभिप्रेत असलेली उंची तेथे नसल्यामुळे अपमानही नसतो. मराठीत यासाठी माया हा शब्द आहे आणि मराठवाड्याच्या बोलीत तो सहज येतो. ‘सेवा’ आणि ‘माया’ यांतील हा फरक समीक्षेने आपल्या परिभाषेत सामावून घ्यायला हवा. सेवेला कर्ता असतो, माया ही दोघांमध्ये असते.

७

या ठिकाणी दोन परभाषिक कृतींशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. टॉलस्टॉयच्या १८८६ मधील ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत मरणासन्न न्यायाधीशाची वेदना कमी व्हावी म्हणून गेरासिम हा खेडवळ नोकर त्याचे पाय आपल्या खांद्यांवर धरून रात्र रात्र बसतो. घरात फक्त हा एक जण खोटे बोलत नाही. फ्लोबेरच्या १८७७ मधील एका दीर्घकथेत फेलिसिते ही मोलकरीण पन्नास वर्षे एका घरात राबते, एकेक करून सारी माणसे गमावते आणि शेवटी पेंढा भरलेल्या पोपटावर जीव लावते. दोन्ही कृती थोर आहेत. परंतु दोन्हींत नोकर बोलत नाही. गेरासिमचा चांगुलपणा मालकाच्या मुक्तीसाठी वापरला जातो आणि त्याच्या स्वतःच्या थकव्याची बातमी वाचकाला लागत नाही. फेलिसितेचे अंतरंग फ्लोबेरच्या तटस्थ शैलीतून दिसते. तिला स्वतःची भाषा नाही. जनीच्या परंपरेचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर ठळक होते. तेथे मोलकरीण स्वतः कवी आहे. ती थकवाही सांगते, एकटेपणही सांगते आणि आपल्याला कोणी हातभार लावला तेही सांगते. बोराडे यांची निवेदिका आणि गायकवाड यांचा निवेदक हे या अर्थाने जनीचे वारस आहेत. सेवकाच्या मौनावर उभारलेले सौंदर्य आणि सेवकाच्या बोलण्यातून आलेले सौंदर्य यांत या परिसरातील साहित्याने दुसरे निवडले, असे म्हणता येईल.

८

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात किल्लारी आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गेली. त्यानंतर आलेल्या मदतीचे हिशेब झाले, पुनर्वसित गावे उभी राहिली, अहवाल लिहिले गेले. अशा प्रसंगी केलेल्या मोठ्या मदतीची नोंद व्हायलाच हवी, कारण सार्वजनिक पैशाचा जाब विचारता आला पाहिजे. परंतु ढिगाऱ्यातून कोणाला कोणी ओढून काढले, अनाथ झालेल्या पोराला पहिल्या रात्री कोणी कुशीत घेतले, याचा अहवाल होत नाही आणि होऊही नये. त्याची जागा साहित्यात आहे. इतिहास नोंदीच्या आधाराने चालतो, साहित्य नोंद नसलेल्याची साक्ष काढते. म्हणूनच साक्ष कोणाची, हा प्रश्न येथे केवळ निवेदनतंत्राचा राहत नाही, तो न्यायाचा होतो.

समीक्षेचाही या प्रश्नाशी संबंध आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणारे आणि पुढे तेथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या लेखनाचा मोठा भाग इतरांच्या पुस्तकांसाठी लिहिलेल्या प्रस्तावनांचा आहे. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना सर्वपरिचित आहे. प्रस्तावना हा लेखनप्रकार स्वभावतःच दुय्यम. पुस्तक दुसऱ्याचे, नाव दुसऱ्याचे, श्रम आपले. कुरुंदकरांनी तो प्रकार स्तुतिपाठासाठी वापरला नाही. मतभेद नोंदवून, संदर्भ पुरवून आणि लेखकाच्या हातून सुटलेले प्रश्न पुढे ठेवून त्यांनी दुसऱ्याचे पुस्तक वाचकापुढे अधिक जबाबदारीने उभे केले. सेवेत नकाराची मोकळीक असावी लागते हे वर म्हटले आहे. मतभेद नोंदवणारी प्रस्तावना हे त्याचे वाङ्मयीन उदाहरण होय. होकार सक्तीचा नसला तरच त्याला मोल येते.

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष मर्यादित आहेत. सेवा आणि दास्य यांतील भेद कृतीच्या स्वरूपावरून ठरत नाही. तो दिशा, नकाराची मोकळीक आणि निवेदनाचा अधिकार यांवरून ठरतो. नम्रता हा सद्गुण ज्याला ताठ उभे राहता येते त्याच्याच बाबतीत सद्गुण असतो, वाकलेल्याकडून तिची अपेक्षा करणे हे शोषण आहे. आणि न दिसणाऱ्या कृतीचा गौरव करायचा तर ती करणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला आधी बोलू दिले पाहिजे. जनीच्या अभंगांचा अर्थ लावताना देवाने दळले की नाही, हा प्रश्न श्रद्धावंतांचा आणि संशयवाद्यांचा आहे. समीक्षेपुढील प्रश्न निराळा आहे. जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी बसावे, असे दळणारीला वाटले आणि तसे म्हणण्याचा धीर तिला झाला. त्या जागी आजवर कोण बसले आणि कोण बसले नाही, याची विचारपूस या परिसरातील साहित्य करीत आले आहे. समीक्षेने ती पुढे चालवली पाहिजे.